दारू सुटली, पण दादा अजून गप्पच. मेंदू सावरायला किती काळ लागतो?

बुटीबोरी_लोकल

मंडळी, प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे. वय ४६, हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर. वीसेक वर्षं पीत होता. आधी शनिवारी, मग रोज, आणि शेवटी सकाळी कामावर निघायच्या आधीही, कारण त्याशिवाय हातात पाना धरवत नव्हता. गेल्या पोळ्याच्या सुमारास त्याला भरती करावं लागलं. तेव्हापासून थेंब नाही. आता उन्हाळा लागला.

लिव्हरचे रिपोर्ट सुधारले, चेहऱ्यावरची सूज उतरली, जेवण नीट जातं. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. पण दादा गप्प आहे. संक्रांतीला गच्चीवरून अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं ‘ओ काट’ ओरडणारा माणूस यंदा चक्री धरून नुसता बसला होता. विसरतो फार. तीन वस्तू सांगितल्या तर एक आणतो, आणि दोन राहिल्या म्हणून स्वतःवरच चिडतो. रात्री दोन-अडीचपर्यंत टक्क जागा. वहिनी परवा म्हणाली, ‘पीत होते तेव्हा बोलत तरी होते.’ ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. नातेवाईकांचं एकच, ‘सोडली ना? मग आता काय झालं?’

मी थोडं वाचलं. दारूने मेंदू आकसतो आणि सोडल्यावर काही प्रमाणात परत भरतो. टोरंटोच्या पीटर कार्लेन यांनी सहकाऱ्यांसोबत १९७८ सालीच सीटी स्कॅनवरून हे मांडलं होतं, म्हणजे माहिती नवी नाही. मग दादाचा मेंदू भरतो आहे का? भरत असेल तर पूर्वीचा दादा का दिसत नाही? यातला आजार किती आणि स्वभाव किती, हे घरच्यांनी कसं ओळखायचं?

निवृत्त_सिस्टर

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथले जाणते देतील. मी आधी पहिल्या आठवड्याबद्दल लिहिते. कारण ज्याच्या घरी आजच दारू बंद करायचं ठरतंय असाही कोणी हा धागा वाचत असेल.

माझी बरीच नोकरी मेडिसिनच्या वॉर्डात गेली. श्रावण लागला की दोन-तीन दिवसांत असे पेशंट यायला लागायचे. बायको रडत सांगायची, ‘सिस्टर, यांनी श्रावण पाळला, चांगलंच केलं ना? मग फिट कशी आली?’ रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात, छाती धडधडते. फिट येणार असेल तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, वार-वेळ कळत नाही, ताप, बीपी चढलेलं, सलाईन उपटून पळत सुटतात. डेलिरियम ट्रेमेन्स, आम्ही नुसतं डीटी म्हणायचो. यात माणूस दगावतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. मग आधी अंगारा, आधी झाडफूक, आणि हातातला दिवस तिथेच जातो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये २५ मार्चला दुकानं बंद झाली ती बऱ्याच ठिकाणी ४ मेपर्यंत उघडली नाहीत. तेव्हा देशात ठिकठिकाणी असेच पेशंट दवाखान्यांत आले. कोणी ठरवून सोडलेली नव्हती, मिळत नव्हती एवढंच.

म्हणून हात जोडून सांगते. जो रोज पितो, ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते, ज्याला आधी कधी फिट आली आहे, त्याला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे. दवाखान्याच्या नजरेखाली सोडवा. बडबड किंवा फिट सुरू झाली तर ओपीडीची वाट पाहायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.

सक्करदरा_चौक

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून काळजी वाढली. माझे बाबा दरवर्षी श्रावणात बंद करतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पुन्हा सुरू. आधी श्रावणाच्या सुरुवातीला फक्त झोप यायची नाही. अलीकडे हात कापतात, आणि मागच्या वर्षी एक रात्र असंबद्ध बोलत होते. हे वयामुळे होतं का?

मानस_पीजी

मी मानसोपचारात शिकतो आहे. वयाचा वाटा असेलच, पण दरवर्षी सोडणं आणि धरणं हेच इथे मोठं कारण असू शकतं. सविस्तर लिहितो.

मेंदूत शांत करणारं एक रसायन आहे, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. दारू रोज एका बाजूने ओढते, म्हणून मेंदू तोल राखायला दुसऱ्या बाजूला माणसं वाढवत जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की दारू पोटात असतानाच माणूस सरळ उभा राहतो. मग श्रावणाच्या पहिल्या दिवशी दारू एकदम दोर सोडते. समोरची सगळी ताकद अजून ओढतेच आहे. थरथर, धडधड, फिट, भ्रम हे सगळं त्यातून येतं. दवाखान्यात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन तो दोर काही दिवस धरून ठेवतात आणि डोस पायरीपायरीने उतरवतात.

असे झटके मेंदू जणू लक्षात ठेवतो. सोडणं, धरणं, पुन्हा सोडणं असं होत राहिलं तर पुढच्या प्रत्येक खेपेला लक्षणं जास्त तीव्र होऊ शकतात. याला किंडलिंग म्हणतात. तुमच्या बाबांचं वर्णन त्याच्याशी जुळतं. यंदा श्रावण लागायच्या आधीच त्यांना ओपीडीत आणा. श्रावण पाळायची त्यांची इच्छा ही फार मोठी गोष्ट आहे, ती वाया जाऊ देऊ नका. औषधाच्या आधाराने सोडू द्या आणि करीच्या दिवशी काय करायचं ते घरात आधीच बोलून ठेवा.

दुसरी गोष्ट थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची. पिणारा माणूस जेवत कमी असतो आणि दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलंही जात नाही. ते फार घटलं की माणूस गोंधळतो, झोकांड्या खातो, डोळ्यांची हालचाल बिघडते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं. गंमत नाही यात, कारण लोक हेच पाहून ‘चढली आहे, झोपू द्या’ म्हणतात. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असंही नाही. वेळेवर थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर बरंच सावरतं. नाही मिळालं तर पुढे जी अवस्था येऊ शकते ती रशियाच्या सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ मध्ये नोंदवली: नव्या आठवणी धरल्याच जात नाहीत आणि रिकाम्या जागा माणूस नकळत कल्पनेने भरतो. ते नुकसान अनेकांत पूर्ण भरून येत नाही. घरी अशक्तपणा वाटतो म्हणून कोणाकडून तरी ग्लुकोजची बाटली लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. अशा पेशंटला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज देणं धोक्याचं.

शेगाव_वारी

एवढं सायन्स काहून पाहिजे भाऊ? आमचे काकाजी तीस वर्षं पीत होते. शेगावला महाराजांसमोर शपथ घेतली, त्या दिवसापासून हात लावला नाही. ना गोळी, ना इंजेक्शन. मन पक्कं पाहिजे. मला तर वाटते तुमच्या दादाचं मन अजून तिकडेच अडकून आहे, म्हणून तोंड पाडून बसतो.

फक्त_आजचा_दिवस

तुमच्या काकाजींना माझा नमस्कार सांगा. शपथेने सुटलेली माणसं मीही पाहिली आहेत आणि त्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही, कारण तसं तोंड पाडून मी बसलो आहे.

मी दारुडा आहे. आमच्या ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या, मीटिंगमध्ये ओळख अशीच करून देतात आणि मला ती आवडते. काही वर्षांपासून बंद आहे. पहिला महिना सोपा नव्हता, पण त्यात कौतुक होतं. आई नजर काढायची, शेजारी हात मिळवायचे, आरशात चेहरा उजळलेला दिसायचा. मग कौतुक थांबलं. लोकांच्या लेखी विषय संपला. आणि माझा खरा कठीण काळ तिथून सुरू झाला. सगळं बेचव. रविवारी तर्री पोह्याच्या ठेल्यावर मित्रांसोबत उभा असायचो, हातात प्लेट, आणि वाटायचं इथून निघून जावं. मुलीचा दहावीचा निकाल लागला, छान मार्क मिळाले, ती पाया पडली. मी हसलो, पेढे वाटले, पण आत काही हललंच नाही. मला वाटलं, दारूने आपल्यातला बाप खाल्ला.

कोणी सांगितलं नव्हतं की हे असं होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. मीटिंगमध्ये एका माणसाने स्वतःचं सांगितलं आणि ते शब्दाला शब्द माझं होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, मी वाईट नाही झालो, मी अजून बरा होतो आहे.

बुटीबोरीकर भाऊ, याच काळात बरेच जण घसरतात. प्यायची हौस म्हणून नाही. काहीही न वाटणं सहन होत नाही आणि काहीतरी वाटायला लावणारी एकच गोष्ट माहीत असते. तुमचा दादा या सगळ्यातून न पिता चालला आहे. त्याला कोणी तोंड पाडून बसतो म्हणालं तर माझा जीव तुटतो.

ए.ए. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झालं. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून टिकले. फी नाही, नाव विचारत नाहीत. नागपुरातही मीटिंग भरतात. आणि वहिनींसाठी वेगळी संघटना आहे, अल-अ‍ॅनॉन, घरच्यांची. वहिनींचं ते वाक्य तिथे कोणालाही वाईट वाटणार नाही, कारण तिथल्या बऱ्याच जणींच्या मनात ते कधी ना कधी येऊन गेलेलं असतं.

मानस_पीजी

वरचा प्रतिसाद मी जपून ठेवतो आहे. त्यातल्या ‘काही हललंच नाही’ला शरीरात आधार आहे. आनंद, उत्सुकता, काहीतरी करावंसं वाटणं यात डोपामिनचा मोठा भाग असतो. बरीच वर्षं दारूने हे यंत्र वरून ढोसलेलं असतं, त्यामुळे त्याचा साध्या गोष्टींना मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो. जास्त पिणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिनच्या डी-टू प्रकारच्या ग्रहणजागा कमी दिसतात. सोबत ताणाची यंत्रणा चढलेलीच राहते, म्हणून चिडचिड. हे पूर्वपदावर यायला महिने लागतात, आणि प्रत्येकाचं सारखं येत नाही.

आता मूळ प्रश्न, मेंदू भरतो आहे का. स्टॅनफर्डच्या टिमथी दुराझो यांच्या गटाने दारू सोडलेल्या लोकांचे साधारण एका आठवड्याला, एका महिन्याला आणि सुमारे ७.३ महिन्यांना एमआरआय काढले. मेंदूच्या वरच्या थराची, कॉर्टेक्सची जाडी ३४ भागांत मोजली. त्यातल्या २५ भागांत ती वाढलेली दिसली, आणि पहिल्या महिन्यात वेग जास्त होता. ज्यांना बीपी, कोलेस्टेरॉल असे त्रास होते किंवा जे सिगारेट ओढत होते, त्यांच्यात काही भागांची गती मंद होती. दादा बिडी-सिगारेट ओढत असेल, खर्रा खात असेल, तर त्याबद्दलही आता बोलायला हरकत नाही. दारू सोडतानाच सगळं एकदम नको म्हणून अनेक घरं तंबाखूकडे काणाडोळा करतात. मला स्वतःला तो काणाडोळा लांबू नये असं वाटतं.

पण जाडी भरली म्हणजे काम लगेच पूर्वीसारखं झालं असं नाही. कपाळामागचा भाग नियोजन, संयम आणि एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरणं हे सांभाळतो. दारूचा मार त्यावर जास्त बसतो. लहान मेंदूवरही, म्हणून काहींची चाल बराच काळ डुगडुगते. तीन वस्तूंतली एक आणणं याच चित्रात बसतं. यादी लिहून द्या, ती कमीपणाची गोष्ट नाही. मेंदूला काम हवं, फक्त एकावेळी एक. दादा फिटर आहेत, हातांना कौशल्याची सवय आहे, त्या बाजूने सुरुवात करा.

मात्र एक गोष्ट ठासून सांगतो. ‘मेंदू भरतोय, थांबा’ एवढंच म्हणून बसू नका. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली उदासी पुष्कळदा आपोआप उतरते. महिना-दीड महिना उलटूनही ती राहिली तर नैराश्याचा वेगळा आजार आहे का ते तपासायला हवं, आणि त्यावर उपचार आहेत. दादांचे तर बरेच महिने झाले. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. मरणाचे विचार येतात का, हे डॉक्टरांनीही विचारावं आणि तुम्हीही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही.

दिघोरीची_सून

मी वाचतच असते, पहिल्यांदा लिहिते. माझे मिस्टर मानत नाहीत. ओळखीच्या एका बाईने गोळी दिली आहे, भाजीत कुस्करून घालायची, कळत नाही म्हणते. पुन्हा पिले की त्रास होतो आणि सोडतात. घालू का?

मानस_पीजी

ताई, घालू नका. बहुधा ती डायसल्फिरामची गोळी आहे. ती दारूचं शरीरातलं विघटन मधेच अडवते, अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, आणि मग चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी खाली. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो. ज्याला गोळीबद्दल माहीतच नाही तो पिणार, आणि संकटात कोणाला कारणही सांगता येणार नाही. स्वतः राजी असलेल्या माणसालाच, तपासण्या करून, डॉक्टर ती देतात. तलफ कमी करणारी दुसरी औषधं आहेत, नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट; लिव्हर खराब असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो. कोणतं कोणाला, हे लिव्हर-किडनी पाहून ठरतं.

मिस्टर येत नसतील तर तुम्ही एकट्या या. घरच्यांनी आधी येऊन बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं.

दिघोरीची_सून

गोळी फेकली. उद्या फोन करते.

निवृत्त_सिस्टर

शाब्बास पोरी.

वैरागड_ते_नागपूर

मी मूळचा गडचिरोलीचा. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी, वर्धेत त्याही आधीपासून, १९७५. चंद्रपूरला २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. बंदीवर वाद घालायचा तर वेगळा धागा काढू. इथे एवढंच की माझ्या भावाला गावी असताना जी तलफ येत नव्हती ती नागपूरला बसमधून उतरल्यावर स्टँडबाहेरच यायची. गावात मोहाची चोरून मिळतच होती, तरी. मेंदूने ती पाटी, तो वास, ती वेळ सगळं जोडून ठेवलेलं असतं म्हणे. आम्ही त्याचा रस्ताच बदलला. कामावरून येताना वेळ जास्त लागतो, पण पाटी दिसत नाही. तुमच्या दादाच्या वाटेवर काय काय लागतं ते एकदा त्याच्याबरोबर गाडीवर जाऊन पाहा.

शेगाव_वारी

काकाजींना काल विचारलं. म्हणाले, शपथ घेतल्यावर वर्षभर त्यांनाही कशातच राम वाटत नव्हता, पण सांगणार कोणाला. रोज पहाटे मंदिरात झाडायला जायचे, तिथे चार माणसं भेटायची, त्यावर निभावलं. मला हे माहीतच नव्हतं. बुटीबोरी भाऊ, दादाला राग आला नसेल अशी आशा करतो. काकाजी त्याला भेटायला तयार आहेत.

बुटीबोरी_लोकल

राग नाही. उलट काकाजींना नक्की घेऊन या, दादाला वडीलधाऱ्या माणसाशी बोलायला सोपं जातं.

धागा मी त्याला मोबाइलवर वाचून दाखवला. ‘काही हललंच नाही’ या वाक्याशी त्याने हात वर करून मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग वहिनीला हाक मारली आणि तिलाही ऐकवायला सांगितलं. ती दोघं बऱ्याच वेळ आतल्या खोलीत बोलत होती. ए.ए.च्या मीटिंगला येईन म्हणाला, मी सोबत असेन तर.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. कंपनीत त्याला पाळ्या आहेत, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी येते. आणि झोपेसाठी मेडिकल स्टोअरवाला ओळखीवर गोळी देतो म्हणतो. घ्यावी का?

मानस_पीजी

ओळखीवरची गोळी नको. झोपेच्या बऱ्याच गोळ्या गाबावरच काम करतात, ज्या जागी दारू करत होती तिथेच. एक सवय जाऊन दुसरी लागायला वेळ लागत नाही. दारू सुटल्यावर गाढ झोप कमी आणि तुटक असणं महिनोन्‌महिने चालू शकतं, आणि न झोपलेल्या माणसाला तलफही जास्त त्रास देते. म्हणून झोपेला दुय्यम समजू नका. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्री कितीला लागली ते न पाहता. दुपारनंतर चहा बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर, गच्ची, जे लागेल ते करा, पण खोली थंड हवी. झोप नाही आली तर पलंगावर तळमळत राहण्यापेक्षा उठून बसलेलं बरं.

रात्रपाळी सध्या टाळता आली तर फार बरं. ओपीडीत सांगा, डॉक्टर तसं पत्र देतात. त्यात दारूचा उल्लेख असायलाच हवा असं नाही, वैद्यकीय कारणाने काही महिने दिवसपाळी द्यावी एवढं पुरतं.

निवृत्त_सिस्टर

जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. वहिनींना सोबत न्याच, दादा स्वतःहून सांगणार नाही अशा चार गोष्टी त्याच सांगतील. सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते. पाण्याची बाटली ठेवा, ऊन फार आहे.

बुटीबोरी_लोकल

सोमवारी जातो आहोत. दादाने सुट्टी टाकली. डॉक्टर काय म्हणाले ते इथे येऊन लिहितो.